अडतीस टाके

पंचफुलामावशी प्रयोगशाळेत आली की आधी कुणाशी बोलायची नाही. वरांड्यात रिकाम्या थैल्यांचा ढीग असायचा, त्याच्यापाशी उकिडवी बसायची. एकेक थैली उलटी करून झटकायची, उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून तिच्यातून आरपार बघायची. धड थैली उजवीकडे, फाटकी डावीकडे. मध्येच एखादी नाकाशी नेऊन हसायची. सगळा ढीग संपला की माझ्याकडे न बघताच निकाल सांगायची, "बोरगावच्या मातीले भूक लय आहे, बाबू. पाह्य, बूडच खाऊन टाकलं."

१९८० साली मी सौंसरच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक वरांडा आणि पाण्याचा एक नळ, तोही लहरी. मी नागपूरचा, एम.एस्सी.ची शाई अजून ओली. त्यामुळे कुणी 'बाबू' म्हटलं की माझा तीळपापड व्हायचा. बाबू म्हणजे कारकून. मी पहिल्याच भेटीत मावशीला बजावलं, "मी बाबू नाही, केमिस्ट आहे." तिनं मला खालून वर न्याहाळलं. "असन जी. पण टेबलामागंच बसता ना?" त्यानंतर मी तिचा कायमचा बाबू झालो. वर्षभरात 'तुमी'चं 'तू'ही झालं आणि मला ते आवडायला लागलं.

तिचं पूर्ण नाव पंचफुलाबाई सोमकुवर. राहायची बोरगावला. नवऱ्याचं सौंसरला शिलाईचं दुकान होतं. तो गेला, दुकान गेलं, मशीन तेवढं राहिलं. त्या मशीनवर ती आमच्या मातीच्या नमुन्यांसाठी मांजरपाटाच्या थैल्या शिवून द्यायची. गळ्यात कायम मापाची टेप, पदराला टोचलेली सुई. घर आणि दोन एकर शेत दीर किसनाजींबरोबर सामाईक होतं. शेताचा शब्द किसनाजींचा चालायचा, घराचा मावशीचा, आणि दोघांचं भांडण उंबरठ्यावर व्हायचं. दसऱ्याला ती पांढरं लुगडं नेसून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. तो तिचा वर्षातला एकच सुटीचा दिवस.

आमची खरी ओळख मात्र भांडणातून झाली. शेतकऱ्यांनी माती सावलीत वाळवून पाठवावी असा नियम होता आणि ती ओलीच यायची, असा रिवाज. नंबर लागेपर्यंत थैल्या वरांड्यात महिना-सव्वा महिना पडून राहायच्या. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात थैल्यांची बुडं गळाली. कुणाची माती कुणाच्या मातीत मिसळली, नावांच्या चिठ्ठ्या कुजल्या. मी नवा होतो आणि नव्या माणसाला दोषी लागतो. मी मावशीला बोलावलं आणि चार लोकांसमोर म्हणालो, "तुम्ही कापड कच्चं वापरता."

मावशीनं गळ्यातली टेप काढली, पिशवीतून मांजरपाटाचा तागा काढला आणि माझ्या टेबलावरच वीतभर लांब, वीतभर रुंद असे दोन चौकोन कापले. "एकाच ताग्याचे दोन भाऊ हायेत. हा पेटीत राह्यन, हा जमिनीत जाइन. सव्वा महिन्यानं सांगते, कच्चं कोण आहे ते."

"सव्वा महिना काहून?" मी तिच्याच बोलीत चिडवलं.

"तुमची थैली तेवढीच पडून राह्यते वरांड्यात. मी रोज एक टाका घालत जाइन. अंदाज नाई करत मी, बाबू. अंदाजानं कापलं तं कपडा आखूड होते."

मी हसलो आणि कामाला लागलो. तिचं बोलणं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. हे वाक्य मी सहज लिहीत नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

कापड पुरायला तिनं पोळ्याचा दुसरा दिवस धरला होता. त्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, असते. बोरगावचे पुरुष ट्रक भरून ती बघायला जायचे आणि शिवार ओस पडायचं. "बाई जमिनीत चिंधी गाडून राह्यली म्हणून हसाले कोणी नसते," ती म्हणायची. बांधाजवळच्या एका ठरलेल्या जागी वीतभर खोल खड्डा करून ती कापड आडवं अंथरायची आणि माती लोटायची. कापडाच्या चारही कडांना नायलॉनच्या दोऱ्याची शिवण असायची, म्हणजे पुढे शोधायला सोपं. "नायलॉनले माती तोंड नाई लावत. तिचाबी नखरा आहे." पेटीत राहिलेल्या भावावर ती रोज सकाळी एक टाका घालायची.

त्या दसऱ्याला नागपूरच्या बसला वेळ होता म्हणून तिनं मला सौंसरच्या बसस्टँडवर गाठलं आणि दोन्ही भाऊ माझ्या हातात ठेवले. पेटीतला कोरा करकरीत, अंगावर टाक्यांची ओळ. जमिनीतला ठिकठिकाणी भोकं पडलेला, कडेनं विरलेला. "कापड कच्चं असतं तं पेटीतलंबी गेलं असतं. आता बोल."

मी चार लोकांसमोर आरोप केला होता, माफी बसस्टँडवरच्या गर्दीत मागितली. तिला तेवढं पुरलं. पण मला वाटलं होतं तसं प्रकरण संपलं नाही. दुसऱ्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा कापड पुरलं. मी विचारलं, आता काय सिद्ध करायचंय? ती म्हणाली, "आता माह्यं काई नाई. आता मातीचं पोट पाहाचं आहे. ते एका सालात नाई समजत."

मी तिला मातीच्या पोटात काय आहे ते माझ्या परीनं समजावलं. चिमूटभर मातीत जितके जीव असतात तितकी माणसं अख्ख्या तालुक्यात नसतील. ते पालापाचोळा, मेलेली मुळं, शेण खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. त्या श्वासातून मातीतला कर्ब वायू होऊन हवेत जातो. मावशीनं हे लक्ष देऊन ऐकलं आणि लगेच आपल्या भाषेत बसवलं. "म्हणजे डोळ्याले दिसत नाई, पण जेवाच्या पंगतीले सारे हजर."

"बरोबर."

"मंग बाबू, सकाळी सकाळी मातीत हात घातला तं आजकाल कोमट लागते. पयले गार लागे. उबेनं पंगत जास्त जेवत असन का?"

मी खांदे उडवले. माझ्या अभ्यासक्रमात हा प्रश्न एका ओळीत आटोपला होता. पण कपाटात वरचं टोक उडालेला एक थर्मामीटर पडून होता, तो मी तिला दिला. आठवडाभर सकाळी पारा जिथं थांबायचा तिथं लाल दोऱ्याची गाठ बांधून दिली. तेव्हापासून टाक्यांना रंग आले. पारा गाठीच्या वर गेला की लाल टाका, खाली राहिला की निळा. अक्षर न लिहिता, वही न ठेवता या बाईनं मातीच्या तापाची नोंद कापडावर शिवायला घेतली, आणि मी तिच्याकडे गंमत म्हणून बघत होतो.

ब्याऐंशी साली गंमत संपली. त्या पावसाळ्यात मधूनमधून सरी यायच्या आणि मधले दिवस कुकरात बसल्यासारखे जायचे. माती ओली आणि गरम, दोन्ही. दसऱ्याला मावशीनं बसस्टँडवर कापड उलगडलं, तेव्हा ते कापड राहिलंच नव्हतं. नायलॉनच्या चौकटीत नुसती जाळी होती. पेटीतल्या भावावर लाल टाकेच लाल टाके. ती नेहमीसारखी जिंकल्यागत हसली नाही. "भूक वाढली बाबू, पण ताटात तं तेवढंच आहे. तेबी आम्ही उचलून देऊन राह्यलो. मंग ते काय खाइन? घरचंच खाइन ना."

'उचलून देणं' म्हणजे काय, तेही सांगतो. किसनाजी कापूस वेचून झाला की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून वीटभट्टीवर देत. शेणाच्या गोवऱ्याही तिकडेच जात. शेतात परत काही जातच नव्हतं. मावशीचं म्हणणं होतं की पऱ्हाट्या तोडून, शेणात कुजवून पुन्हा शेतात घालाव्या. किसनाजी म्हणत, वहिनीनं शिलाई करावी. त्यांच्या खिशात आमच्याच प्रयोगशाळेचा कागद होता. त्यावर माझ्या सहीनं लिहिलं होतं, सेंद्रिय कर्ब: मध्यम. तो कागद ते उंबरठ्यावर उभे राहून तिला वाचून दाखवत. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "कोणी मोठा साहेब म्हणन तं ठेवतो सारं शेतात. तुह्या चिंध्यांवर नाई ठेवत."

आणि मोठा साहेब खरंच आला. त्या हिवाळ्यात कृषी विद्यापीठातले एक ज्येष्ठ मृदाशास्त्रज्ञ आमच्या भागात फिरायला आले. मी जीप घेऊन त्यांना पांढुर्णा स्टेशनवर उतरवून घेतलं. वाटेत बोलता बोलता मावशीच्या कापडाचं सांगितलं. किस्सा म्हणून सांगितलं, हे कबूल करतो. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "मला दाखवा."

बोरगावला मावशीनं अंगणातल्या खाटेवर तिन्ही वर्षांच्या जोड्या मांडल्या. हात धुऊन, पदर सावरून ती बाजूला उभी राहिली. किसनाजी दारात होते. साहेबांनी चष्मा लावला, खाली वाकले, ब्याऐंशीची जाळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला इंग्रजीत विचारलं, हे किती दिवस जमिनीत होतं?

मी मावशीला विचारायला हवं होतं. ती चार हातांवर उभी होती. टाके मोजायला हवे होते. ते तर खाटेवरच होते. पण त्याच आठवड्यात कार्यालयातलं कॅलेंडर चाळताना माझ्या डोक्यात एक वीज चमकली होती. मावशी कापड पोळ्याला पुरते, दसऱ्याला आणते. आणि या साली मध्ये अधिक आश्विन आलेला. म्हणजे दसरा महिनाभर पुढे गेलेला. म्हणजे कापड महिनाभर जास्त जमिनीत होतं. ते जास्त खाल्लं जाणारच! आपण हे ओळखलं याचा मला कोण आनंद झाला होता. मी इंग्रजीतच म्हणालो, "हे सणांनी दिवस मोजतात सर, आणि यंदा अधिक महिना होता." आणि हसलो.

साहेबही हसले. त्यांनी कापड खाली ठेवलं, चष्मा काढून खिशात टाकला. किसनाजींना म्हणाले, "रिपोर्ट तो ठीक है, मिट्टी अच्छी है." आम्ही जीपकडे वळलो.

मावशी मागोमाग आली. जीपच्या दांडीला धरून हळूच म्हणाली, "बाबू, साहेबाले काय सांगतलं तू?"

"काही नाही मावशी. दिवस विचारत होते, दिवस सांगितले."

"मंग बरोबर," ती म्हणाली. "दिवस तं तुले मालूमच आहे."

जीप सुरू झाली. आरशात ती दिसत होती. खाटेजवळ जाऊन एकेक जोडी घडी करत होती.

त्याच हंगामात किसनाजींचा कापूस असा फुटला की शेजारचे बघायला आले. किसनाजी मला सौंसरच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी म्हणे माती मरून राह्यली. मेलेल्या मातीले अशी बोंडं येते का?" मलाही तसंच वाटलं. मावशीला मी ते सांगितलं तेव्हा ती शिलाईवरून मान वर न करता म्हणाली, "ताप आलेल्या माणसाचं आंगबी गरम लागते. त्याले कोणी ताकत म्हणते का?" आज मला माहीत आहे की ती बरोबर होती. मातीतले जीव जेव्हा घाईनं साठा खातात तेव्हा त्यातलं पोषण एकदम मोकळं होतं आणि पीक तरारून येतं. तरारलेलं पीक बघून कुणाला शंका येणार?

मला तिच्या बोलण्यापेक्षा तिचं वागणं जास्त टोचायला हवं होतं. तिला वाटलं, दिवस बरोबर सांगूनही एवढ्या शिकल्या माणसानं कापड खाली ठेवलं, म्हणजे आपलंच काही चुकलं असणार. मग ती स्वतःची चूक शोधायला लागली. तिला शंका आली की माती कापड खात नसेल, कापडाची खळ खात असेल. म्हणून चौऱ्याऐंशी साली तिनं दोन कापडं पुरली. एक नेहमीसारखं, दुसरं तीनदा उकळून खळ काढलेलं. दोन्ही सारखीच खाल्ली गेली. मग तिला जागेची शंका आली, मग दोऱ्याची. दर वेळी ती मला विचारायची, "बाबू, साहेबाले काय खटकलं असन?" आणि मी म्हणायचो, "जाऊ द्या मावशी." तिच्या शंका एकेक करून खोट्या ठरत होत्या. खरी चूक जीपमध्ये बसून निघून गेली होती, हे तिला कुठून कळणार?

दरम्यान, तिच्या शेताचा कर्ब माझ्या परीक्षानळीत दर साली उतरत होता. मध्यमवरून कमी, कमीवरून अगदी कमी. शेतही थकत होतं. मला ते दिसत होतं. एकदा मनात आलं, अधिक महिन्याचं तिला विचारावं. पण विचारलं आणि ती म्हणाली की मी महिना जास्त नव्हता ठेवला, तर? त्या 'तर'ला मी घाबरलो. न विचारण्याइतकी सोपी गोष्ट नोकरीत दुसरी नसते.

पंच्याऐंशीत माझी बदली पांढुर्ण्याला झाली. निघताना मावशीनं मला एक थैली दिली, दुहेरी शिवणीची. "यात माती नोको भरू. डबा ने. बाहेरचं खाऊन खाऊन तुह्यं पोट बोरगावसारखं होऊन जाइन." मी हसलो, ती हसली. बसमध्ये बसल्यावर मला का कुणास ठाऊक रडू आलं.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात एका दुपारी किसनाजी पांढुर्ण्याच्या कार्यालयात आले. तीन वर्षांत माणूस वाकला होता. हातात गाठोडं. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी गेली जी. चार दिवस पडून होती."

त्यांनी गाठोडं टेबलावर सोडलं. सगळ्या वर्षांच्या जोड्या, सेफ्टीपिननं एकत्र टाचलेल्या. सर्वांत वर या सालचा एकटाच भाऊ. त्यावर एकवीस टाके बारीक, सरळ. त्यापुढचे सहा वाकडेतिकडे, एक मोठा, एक आखूड, पण रंग मात्र लाल की निळा ते नीट बघून घातलेले.

"हे कोणी घातले?"

"म्या." त्यांनी मान खाली घातली. "खाटेवरून म्हणे, दीरजी, टाका चुकवू नोका. जोडीदार जमिनीत आहे. आता आजचे सत्तावीस झाले. काढाच्या रोजी तुमी या. ते सांगून गेली, बाबूले बोलवजा."

"दसऱ्याला ना?" मी विचारलं.

"नाई जी. दसऱ्याचं काय त्यात? अडतीस टाके झाले का काढाचं. सव्वा महिना. तीस अन् आठ. यंदा ते दसऱ्याच्या आदल्या रोजी येते. अधिक महिन्याच्या साली दसरा दूर गेलता, तवा काढून ठेवलं व्हतं तिनं पेटीत, महिनाभर. दसऱ्याले नेऊन तुमाले दाखवलं."

मी गाठोड्यातून ब्याऐंशीची जोडी काढली. टाके मोजले. पुन्हा मोजले. अडतीस. मग बाकीचे मोजले. त्र्याऐंशीचे अडतीस, जवळजवळ सारे निळे, आणि जोडीदार जवळपास साबूत. सत्त्याऐंशीचे अडतीस, लालेलाल, तरी जोडीदार साबूत, कारण ते साल कोरडं गेलं होतं. बाजूला तिनं एक पांढरी फुली शिवून ठेवली होती, म्हणजे पाणी नाही. तिनं खाटेवर कापडं मांडली तेव्हा ती कहाणी सांगत नव्हती, पुरावा ठेवत होती. ऊब आणि ओल एकत्र आली की माती आपल्याच पोटातलं खाते, आणि तिला परत काही दिलं नाही तर रिकामी होते. आणि मातीनं सोडलेला तो श्वास हवेला आणखी तापवतो. आज शाळेतली पोरंही हे सांगतात. तेव्हा आमच्या कार्यालयात हवा तापते आहे हे कुणाच्या बोलण्यात नव्हतं. एका शिवारातल्या एका खड्ड्यावरून जगाचं सांगता येत नाही, पोळा दर साली मागेपुढे सरकतो, हे सगळं मला कळतं. पण विचारायचा प्रश्न तोच होता, आणि तो जिनं विचारला तिला मी हसून बाद केलं होतं.

त्याच संध्याकाळी मी त्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. दिवस अडतीस होते, चूक माझी. उत्तर आलं नाही. ते निवृत्त होऊन गेल्याचं पुढे कळलं.

अडतिसाव्या दिवशी सकाळी मी बोरगावला पोचलो. किसनाजी बांधाजवळ खुरपी घेऊन थांबले होते. मातीचा रंग मला ओळखू येईना. पूर्वी ओली असताना ती काळी, ठिसूळ असायची. आता ढेकूळ विटेसारखं वाजत होतं. किसनाजींनी जपून माती ओढली. नायलॉनचा दोरा दिसला. त्यांनी दोन्ही हातांनी तो अलगद उचलला, तसा मधून मातीचा चुरा खाली पडला आणि हातात नुसती चौकट राहिली. चार कडांची शिवण. मध्ये काही नाही.

"कापड कुठी गेलं?" त्यांनी खड्ड्यातली ढेकळं एकेक फोडून बघितली. मग तो दोरा सूर्याकडे धरला आणि एक डोळा मिटून त्यातून आरपार पाहिलं. त्यांना ठाऊकही नसेल ते कुणासारखं करताहेत.

मला राहवलं नाही. म्हटलं, "किसनाजी, साहेब आले होते तेव्हा ते दिवस विचारत होते. मी चुकीचे सांगितले. अधिक महिना धरला. तिला न विचारता. अडतीस सांगितले असते तर त्यांनी तुम्हाला पऱ्हाट्या शेतात ठेवायला सांगितलं असतं. वहिनींचं काहीच चुकलं नव्हतं. सहा वर्षं त्या जी चूक शोधत होत्या ती माझी होती."

किसनाजींनी दोरा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"मले काहून सांगून राह्यले?" ते म्हणाले. "तिले सांगाचं होतं."

त्यांनी दोरा माझ्या हातात दिला आणि खड्डा बुजवायला खाली बसले.